कार्डिनलचा आवाज

त्या दिवशी प्रश्न एवढाच होता, की अंजीर कोणी खायचं.

मालिकेचं नाव ‘रोक्कास्पीना’. पाचशे वर्षांपूर्वीचं घराणं, कार्डिनल म्हणजे चर्चमधला बडा धर्मगुरू असलेला काका, पुतणे, विष, विकत घेतलेली मतं आणि विकलेली लग्नं. असं घराणं कधी नव्हतंच. आमच्या लेखकांनी दहा घराण्यांची लफडी एका पातेल्यात शिजवून ते तयार केलं होतं. सहाव्या भागात पुतण्या लिओनेल्लो म्हाताऱ्या कार्डिनलसमोर विषारी अंजिरांची थाळी ठेवतो. मूळ संहितेत म्हाताऱ्याला सगळं ठाऊक असतं. तो एक अंजीर हातात घेऊन दोन मिनिटं बोलतो, आवाज न चढवता, आणि मग ते पुतण्यापुढे ठेवतो. पुतण्या रडत कोसळतो आणि पुढचे सगळे भाग काकाच्या मुठीत राहतो. हे झालं पांढऱ्या कागदावरचं. निळ्या, म्हणजे मागाहून बदललेल्या संहितेच्या कागदावर दुसरंच लिहिलं होतं: म्हातारा काही बोलत नाही, अंजीर खातो आणि मरतो. तो निळा कागद निर्मात्या गिझ्लेरीबाई मिलानोहून स्वतःच्या पर्समधून घेऊन आल्या होत्या.

कारणही होतं. दोन आठवड्यांपूर्वी पोपच्या निवडणुकीच्या दृश्यात आमचा कार्डिनल बोलता बोलता थांबला तो थांबलाच. चाळीस माणसं लाल झगे घालून अर्धा दिवस घाम गाळत उभी. मी त्या वेळी ‘रक्तदाब, रक्तदाब’ करत वेळ मारून नेली. पण गिझ्लेरीबाईंना कुणीतरी कळवलंच. अशी माणसं प्रत्येक सेटवर असतात, आणि त्यांचा मोबाईल नेहमी चार्ज असतो.

कार्डिनलचं काम करत होते ओत्तोरिनो ब्रांदिमार्ते. वय अठ्ठ्याहत्तर. नाव ऐकून कुणाची भुवईही हलणार नाही, पण त्यांनी टॅक्सीत बसून नुसता पत्ता सांगितला की ड्रायव्हर मान वळवून मागे बघायचा. पंचेचाळीस वर्षं हा माणूस काळोख्या खोलीत उभा राहून परदेशी नटांच्या तोंडात आमची भाषा घालत होता. घोड्यावरचे, बंदूकवाले, प्रेमात पडलेले, फाशी जाणारे, सगळे त्यांच्याच आवाजात बोलायचे. माझ्या आईने आयुष्यभर ज्या परदेशी नटावर जीव टाकला, तो खरं तर रोममधल्या तेस्ताच्चोच्या बाजारापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या ओत्तोरिनोंवर टाकला होता, आणि रोज त्यांना भाजीच्या दुकानात धक्का देऊन पुढे जात होती.

पडद्यावर त्यांचं तोंड कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग आमचा दिग्दर्शक कोर्रादो एकदा मासळीच्या दुकानात रांगेत उभा असताना त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, “पाव किलो माकळं, आणि ताजी दे, कालची नको.” कोर्रादो वळला आणि त्याला तो चेहरा दिसला. तिथल्या तिथे त्याने कार्डिनल ठरवून टाकला. ओत्तोरिनोंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. “पोरी, माझा आवाज माझ्याच तोंडातून येणार आहे म्हणे. या वयात.”

मी बासष्ट वर्षांची आहे. मला ‘पोरी’ म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता. एकोणिसाव्या वर्षी मला त्या काळोख्या खोलीत कामाला लावलं तेही त्यांनीच. पुढे मी तिथून सेटवर आले. सेटवर माझं काम सातत्य सांभाळायचं. पेला कुठल्या हातात होता, मेणबत्ती किती जळली होती, थाळीत अंजिरं किती उरली होती, हे सगळं माझ्या वहीत. कॅमेऱ्याशेजारी माझं स्टूल, आणि नट अडला तर शब्द सुचवायचा अधिकार माझा. ओत्तोरिनोंचं डोकं मागच्या वर्षापासून गळायला लागलंय, हे सेटवर फक्त मला माहीत होतं. डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. त्यांना बासष्ट सालच्या ट्रामचं तिकीट आठवायचं आणि सकाळी काय खाल्लं ते नाही.

“कुणाला सांगू नकोस,” ते बाहेर आल्यावर म्हणाले होते. “एवढं एक काम पुरं होऊ दे. मग मला कुठेही नेऊन बसव.”

मी शब्द दिला. आणि मग तीन महिने फसवाफसवीचा संसार मांडला. पाण्याच्या सुरईमागे वाक्यं चिकटव, पावाच्या लादीला आडवा छेद देऊन त्यात कागद खोच, समोरच्या नटाच्या छातीवरच्या लेसमध्ये दोन ओळी लपव. उरलेलं मी स्टुलावरून ओठांनी सुचवायची. आमची अळीमिळी गुपचिळी चांगली चालली होती.

त्या दिवशीचं दृश्य चिमिनोच्या डोंगरातल्या जुन्या महालात होतं. कोर्रादोला दोन मिनिटांचं ते बोलणं न तोडता, एकाच शॉटमध्ये हवं होतं, आणि तेही खिडकीतून येणाऱ्या उन्हात. चारनंतर ऊन जाणार. सकाळी दहा वाजल्यापासून आम्ही अडकलो होतो, कारण बाहेर हेझलनटची वेचणी सुरू होती. जमिनीवर पडलेल्या बिया ओढून घेणारं ते यंत्र म्हणजे दहा ट्रॅक्टर एकदम खोकताहेत असा आवाज. आवाज टिपणारा दुईलियो कानावरचा हेडफोन दर पाच मिनिटांनी आपटत होता.

“त्या शेतकऱ्याला कुणीतरी जेवायला घाला रे! जेवला की तासभर गप्प बसेल!”

“घातलं की,” कोर्रादो म्हणाला. “आपले दोन डबे खाल्ले त्याने. म्हणाला, पास्ता गार आहे, आणि परत मशीनवर जाऊन बसला.”

“मग गरम द्या!”

मी हसले, पण तेवढ्यापुरतंच. कारण गिझ्लेरीबाई दीड वाजता आल्या आणि सरळ येऊन माझ्या स्टुलावर बसल्या.

“इथून छान दिसतं,” त्या म्हणाल्या.

“दोत्तोरेस्सा, तिथे मी बसते,” मी त्यांना मानाने म्हटलं. “मला नटाचा हात दिसायला लागतो.”

“तू मागे उभी राहा ना, नीवेस. एक दिवस.” मग पर्स उघडून त्यांनी निळा कागद गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. “हे बघ, मी राक्षसीण नाही. मलाही म्हातारा आवडतो. पण पुढे सहा भाग आहेत, आणि माझ्या डोक्यावरही माणसं आहेत. आज त्यांनी दोन मिनिटं नीट बोलून दाखवलं तर हा कागद मी फाडते. नाहीतर चार वाजता ते अंजीर खातील. आपल्याच घराण्यात मरणं काही अवघड नाही, एका पानाचं काम.”

“आणि बोलताना एखादा शब्द मागेपुढे झाला तर?”

“शब्दाचं सोड. थांबले तर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि सुचवायचं नाही. कुणीही.”

म्हणजे बाईंना कळलं होतं. सगळं नसेल, पण पुरेसं कळलं होतं.

माझा सगळा भरवसा आता थाळीवर होता. अंजिरांच्या थाळीच्या कडेला, पानांच्या आडोशाला, मी सगळं भाषण मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ओत्तोरिनोंना वाचता येईल असं. दुसरा कुणी बघेल तर त्याला नुसती पानं दिसावीत. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते लाल झग्यात, दाढी चिकटवून, खिडकीपाशी बसले होते आणि खरंच एक अंजीर खात होते.

“सोर ओत्तोरि! ती मोजलेली आहेत! अकरा हवीत थाळीत!”

“मग दहा लिही,” ते म्हणाले. “वितेर्बोची अंजिरं. पाणीच नुसतं. विष घातलं असतं तर निदान चव तरी आली असती.”

“भाषण आठवतंय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला उत्तर मिळालं. ते घाबरलेले दिसत नव्हते. एखाद्याच्या घरी जाऊन बसावं आणि यजमान बाहेर गेलेत म्हणून शांतपणे वाट बघावी, तसे ते बसले होते.

“सकाळी होतं,” ते म्हणाले. “दाढी चिकटवेपर्यंत होतं.”

“थाळीत आहे. पानांच्या मागे. घाई करायची नाही. वाचायचं, थांबायचं, त्याच्याकडे बघायचं, परत खाली. कार्डिनल विचार करतोय असं वाटेल.”

“ती मिलानोवाली का आलीय?”

मी खोटं बोलणार होते. पण त्यांच्याशी मला खोटं बोलता येत नाही, कारण आवाजातलं खोटं त्यांना दोन खोल्या पलीकडून ऐकू येतं. मी सगळं सांगितलं. निळ्या कागदाचंही.

त्यांनी अंजिराचं देठ चावलं. “मला मरायला हरकत नाही,” ते म्हणाले. “फाशी गेलोय, बुडालोय, गोळ्या तर किती खाल्ल्या. पण ती सगळी दुसऱ्यांची मरणं होती गं. हा एक माणूस माझा आहे. त्याला सहाव्या भागात नको मारायला.”

मी त्यांच्या दाढीची कड दाबून बसवली आणि बाहेर आले. डोळे पुसायला वेळ नव्हता.

तीन वाजून वीस मिनिटांनी ऊन टेबलावर आलं. पुतण्याचं काम करणारा एर्मेस समोर बसला. देखणा पोरगा, थोडा गर्विष्ठ, पण कामाला चोख. कोर्रादोने कॅमेऱ्यातून पाहिलं, एकदा डावीकडे सरकला, एकदा उजवीकडे, आणि मग म्हणाला, “थाळी काढा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“थाळी एर्मेसची हनुवटी कापतेय. काढा ती. फक्त एक अंजीर राहू दे, माएस्त्रोंच्या हातात. हं, आता बघा! रिकामं टेबल, दोन माणसं आणि एक फळ! हेच हवं होतं मला!”

“कोर्रादो, मागच्या दृश्यात थाळी आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “अकरा अंजिरं आहेत. सातत्य तुटेल.”

“नोकराने नेली असं दाखवू. नीवेस, ऊन चाललंय!”

सामानवाल्याने थाळी उचलली. माझी अक्षरं पानांसकट माझ्यासमोरून दाराबाहेर गेली. ओत्तोरिनोंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं स्टूल गिझ्लेरीबाईंच्या खाली, आणि मी त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून. नशीब एवढंच की टेबलावरून ओत्तोरिनोंना मी दिसत होते, आणि बाईंना मी दिसत नव्हते.

आणि त्याच क्षणी बाहेरचं यंत्र थांबलं. बहुतेक कुणीतरी गरम पास्ता नेऊन दिला असावा.

“थांबलं!” दुईलियो ओरडला. “आवाज स्वच्छ! चला, चला!”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ओत्तोरिनोंकडे भाषण नव्हतं, आणि ते मागायला जागाही उरली नव्हती. शॉट सुरू झाला. कार्डिनलने अंजीर उचललं, उन्हात धरलं, फिरवलं. ते इतकं सुंदर होतं की मी क्षणभर विसरले. मग त्यांनी एर्मेसकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

एक सेकंद. दोन. गिझ्लेरीबाईंची पाठ ताठ झाली, आणि त्यांचा हात निळ्या कागदावरून कडेला सरकला, उचलण्यासाठी. ओत्तोरिनोंची नजर माझ्यावर आली. मी ओठ हलवले असते तर एर्मेसने पाहिलं असतं, कोर्रादोच्या मदतनीसाने पाहिलं असतं. बरं, दोन मिनिटांचं भाषण ओठांनी सुचवणार किती?

मग मला ते सुचलं. सुचलं म्हणजे आठवलं. मी या धंद्यात आले तेव्हा आमच्याकडे सेटवरचा आवाज कुणी ठेवतच नसे. सगळे सिनेमे मुके टिपायचे आणि नंतर खोलीत आवाज भरायचा. ज्याला वाक्यं पाठ नसत, तो आकडे म्हणायचा. प्रेमात पडून ‘एकवीस, बावीस’ आणि मरताना ‘तीस’. तोंड हललं पाहिजे आणि चेहरा खरा पाहिजे, बाकी नंतर बघून घेऊ. ओत्तोरिनोंनी तरुणपणी गर्दीत उभं राहून असे हजारो आकडे म्हटले होते. आता सेटवर तसं कुणी करत नाही. आताच्या पोरांना सांगितलं तर हसतील.

मी हात पोटाशी धरला आणि एक बोट वर केलं. मग दोन. मग तीन.

त्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

“एकवीस,” कार्डिनल म्हणाला.

इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की एर्मेस खुर्चीत मागे सरकला.

“बावीस. तेवीस, चोवीस.” अंजीर त्यांनी नाकाशी नेलं, वास घेतला. “पंचवीस?” हा प्रश्न होता. त्या प्रश्नात एक मेलेला भाऊ होता, एक विकलेली पुतणी होती, आणि लहानपणी मांडीवर बसवलेलं पोर होतं. एर्मेसला संहितेत काय लिहिलंय ते माहीत होतं. तरी त्याचा श्वास बदलला. “सव्वीस,” म्हातारा म्हणाला आणि हसला. ते हसू मला आजही नको वाटतं.

कोर्रादो ‘कट’ म्हणाला नाही. तो मॉनिटरवर इतका वाकला होता की नाक काचेला लागलं असतं. दुईलियो हेडफोन दोन्ही हातांनी दाबून डोळे फाडून माझ्याकडे बघत होता. गिझ्लेरीबाईंनी निळा कागद अर्धवट उचललेला तसाच हवेत धरला होता.

छत्तीसपाशी ओत्तोरिनोंचा आवाज अगदी खाली गेला. एकोणचाळीस त्यांनी म्हटलं ते स्वतःशीच. मग त्यांनी अंजीर टेबलावर ठेवलं, एका बोटाने ते हळूहळू पुतण्याकडे ढकललं आणि म्हणाले, “चाळीस.”

एर्मेस रडायला लागला. संहितेत ‘रडतो’ असं लिहिलं होतं, पण हे तसलं रडणं नव्हतं. त्याचं नाक वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं.

“कट,” कोर्रादो पुटपुटला.

पहिल्या बोलल्या त्या गिझ्लेरीबाई.

“हे काय होतं? हा माणूस आकडे मोजत होता. मला सांगा, की हा माणूस आकडे मोजत नव्हता.”

“आकडेच होते, दोत्तोरेस्सा,” मी पुढे होऊन म्हटलं. पाचावर धारण बसली होती, पण तोंड चालू होतं. “मीच सांगितलं त्यांना. आज आवाज ठेवता येणारच नव्हता. सकाळपासून ते यंत्र चाललंय. म्हटलं, उगाच भाषण वाया कशाला घालवायचं? चेहरा टिपून घेऊ, आवाज नंतर खोलीत भरू. जुनी पद्धत आहे आमची.”

“यंत्र तर थांबलं होतं.”

“नव्हतं थांबलं.”

“मी इथे बसले होते, नीवेस. मला कान आहेत.” त्या दुईलियोकडे वळल्या. “तू सांग. तुझ्या कानाला यंत्र लावलंय. या शॉटमध्ये बाहेरचा आवाज होता की नव्हता?”

दुईलियोच्या घरी तीन पोरं, आणि पुढचं काम याच बाईंच्या हातात. शॉटच्या आधी ‘आवाज स्वच्छ’ असं सगळ्यांदेखत तोच ओरडला होता. त्याने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलापाशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. ओत्तोरिनो आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत बसले होते.

“थांबलं होतं,” दुईलियो म्हणाला.

मी वही बंद केली.

“पण परत सुरू झालं,” तो पुढे म्हणाला. “लांबून. तुम्हाला इथून नाही कळणार, माइकला कळतं. टेप वापरता येणार नाही.” आणि त्याने हेडफोन काढून, वायर गुंडाळायला सुरुवात केली, म्हणजे कुणाला ऐकून बघायची इच्छा झाली तरी ऐकता येऊ नये.

“दोत्तोरेस्सा,” कोर्रादो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. “तो कागद फाडा. मी वीस वर्षांत असा शॉट घेतलेला नाही.”

गिझ्लेरीबाई मूर्ख नव्हत्या. त्यांनी कागद फाडला नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवला. “गुरुवारी,” त्या म्हणाल्या. “रोमला, डबिंगच्या खोलीत. मी येणार आहे. त्यांचं भाषण त्यांच्याच आवाजात, याच चेहऱ्यावर बसलं, तर ठीक. नाही बसलं तर परत येऊ आणि अंजीर खाऊ.”

मला तिथेच नाचावंसं वाटलं. बाईंना एक गोष्ट माहीत नव्हती: डबिंगच्या खोलीत काही पाठ असावं लागत नाही. समोर स्टँड असतं, त्यावर कागद असतो, वर छोटा दिवा. बघायचं आणि बोलायचं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

पुढचे तीन दिवस मी भाषण आकड्यांवर बसवलं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या इटालियन भाषेत एकवीस ते चाळीसपैकी कुठल्याच आकड्याला ओठ मिटत नाहीत, त्यामुळे ओठ मिटणारा प्रत्येक शब्द काढावा लागला. ‘आई’ गेली, ‘पोप’ गेला, ‘माझा भाऊ’ सुद्धा गेला. लेखक बोंबलले. मी म्हटलं, बोंबला. शेवटी जे उरलं ते आधीच्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे लेखकांनीही मान्य केलं, अर्थात मी तिथे नसताना.

गुरुवारी मी ओत्तोरिनोंना घरून घेऊन आले. वाटेत ते दोनदा म्हणाले, “कुठे चाललोय?” मी दोनदा सांगितलं. पण खोलीच्या दारातून आत गेल्यावर त्यांची पाठ सरळ झाली. कोट काढून त्यांनी न बघता खुंटीला लावला. त्या खोलीत खुंटी तिथेच असते, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. स्टँडची उंची वाढवली, दिवा वाकवला, घसा साफ केला. काचेपलीकडे गिझ्लेरीबाई आणि कोर्रादो. मी आत, त्यांच्याशेजारी, कागद बदलायला.

पडद्यावर दाढीवाला कार्डिनल आला. त्याने अंजीर उन्हात धरलं.

पहिला तुकडा एका झटक्यात बसला. दुसराही. तिसऱ्यात त्यांनी एक श्वास घेतला, जो पडद्यावरच्या श्वासाच्या नेमका आत गेला, आणि काचेपलीकडे कोर्रादोने डोक्याला हात लावला. पंचविसाव्या आकड्याच्या जागी आता एक वाक्य होतं: “तुला कोणी शिकवलं रे हे?” ओत्तोरिनोंनी ते असं म्हटलं, की माझ्या अंगावर काटा आला, आणि ते वाक्य तर मीच लिहिलं होतं. दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासात संपलं. शेवटच्या तुकड्याला गिझ्लेरीबाईंनी पर्स उघडली, निळा कागद काढला, मला दिसेल असा काचेसमोर धरला आणि उभा फाडला. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. काचेमुळे आम्हाला त्या ऐकू आल्या नाहीत.

लाल दिवा विझला. माइक बंद. आम्ही जिंकलो होतो. मी कागद गोळा करू लागले, आणि आनंदाच्या भरात त्यांचा क्रम चुकत होता हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पडद्यावर शेवटचं चित्र थांबून राहिलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा, जवळून. ओत्तोरिनो त्याच्याकडे बघत होते. चष्मा वर केला, खाली केला.

“हा कोण गं, पोरी?”

“कोण?”

“हा म्हातारा. चांगला आहे. कुठला म्हणायचा? फ्रेंच?”

मला वाटलं, दाढीमुळे. दाढी आणि तो लाल टोप. मी थांबले, आता हसतील म्हणून. ते हसले नाहीत. ते खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होते.

“आपल्याकडचाच आहे,” मी म्हटलं.

“आपल्याकडचा?” त्यांना रागच आला. “मग माझा आवाज कशाला चिकटवताय त्याच्यावर? त्याला मुकं का करताय? चेहरा बघ त्याचा, किती बोलतो! सगळा जन्म वाट बघितली असेल बिचाऱ्याने. त्याला त्याच्या आवाजात बोलू द्या की!”

काचेपलीकडे गिझ्लेरीबाई कोट घालत होत्या. कोर्रादो कुणालातरी फोनवर ओरडून सांगत होता, हात हवेत. दोघांना काही कळलं नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. मी आहे तोवर तरी नाही.

“सोर ओत्तोरि,” मी म्हटलं, आणि माझा आवाज फुटला. त्यांना तो दोन खोल्या पलीकडूनही कळला असता. “तो त्याच्याच आवाजात बोलला.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पडद्याकडे. मग परत माझ्याकडे.

“नक्की?”

“नक्की.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले, आणि स्टँडवरचा कागद सरळ करून, दिव्याखाली धरून, पुढचा तुकडा लावायची वाट बघत उभे राहिले.